परतला, पण कुठपर्यंत?

जीवघेण्या अपघातानंतर अव्वल सायकलपटू पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो का? २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या चार बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर या प्रश्नाचं एकच उत्तर सापडत नाही.

२७ ऑगस्ट २०२५. दक्षिण फ्रान्समध्ये सराव करताना क्रिस फ्रूम सायकलवरून पडला. हेलिकॉप्टरनं त्याला तुलाँच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. एक फुफ्फुस निकामी झालं होतं, पाच बरगड्या मोडल्या होत्या आणि कमरेजवळच्या मणक्याला फ्रॅक्चर होतं. हृदयाभोवतीचं आवरणही फाटलं होतं, हे काही दिवसांनी जगाला कळलं. चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला हा खेळाडू तेव्हा ४० वर्षांचा होता आणि २०२५ च्या अखेरीस त्याचा टीमसोबतचा करार संपणार होता.

९ सप्टेंबर. स्पेनमधल्या वुएल्टा शर्यतीचा सोळावा टप्पा कोलंबियाच्या एगन बर्नालनं जिंकला. साडेतीन वर्षांपूर्वी हाच बर्नाल भरधाव सायकलवरून एका उभ्या बसवर आदळला होता. त्याच्या मागोमाग दुसरा आला मिकेल लांडा. मे महिन्यात जिरो द'इटालियाच्या पहिल्याच दिवशी त्याचा मणका फ्रॅक्चर झाला होता.

१४ सप्टेंबर. तीच वुएल्टा डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डनं खिशात घातली. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचंही फुफ्फुस निकामी झालं होतं आणि तो १२ दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

२१ सप्टेंबर. रवांडाच्या किगालीमध्ये बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल सलग तिसऱ्यांदा टाइम ट्रायलचा, म्हणजे एकट्यानं घड्याळाशी झुंजायच्या प्रकाराचा जगज्जेता झाला. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाच्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि त्यावर आदळून त्याची बरगडी, खांद्याचं हाड आणि हाताचं हाड मोडलं होतं.

चार जण, चार मोठे अपघात. तिघांच्या नावापुढे ‘विजेता’ लिहिलं गेलं, एकाच्या नावापुढे ‘प्रकृती स्थिर’. सोशल मीडियावर मात्र सगळ्यांसाठी एकच शब्द वापरला जातो, कमबॅक. माझ्या मते गडबड तिथूनच सुरू होते.

कमबॅकच्या चार पायऱ्या

आपण ‘परतला’ असं म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणायचं असतं? पहिली पायरी, पुन्हा सायकलवर बसणं. दुसरी, शर्यतीत उतरून ती पूर्ण करणं. तिसरी, पुन्हा काहीतरी जिंकणं. आणि चौथी, अपघाताआधी ज्या उंचीवर होता तिथे पुन्हा पोहोचणं. पहिल्या दोन पायऱ्या चढणारे बरेच आहेत. तिसरीवर संख्या कमी होते आणि चौथीवर मोजकेच उरतात. बातमीत आणि रीलमध्ये मात्र आपल्याला बहुतेक वेळा चौथ्या पायरीवरचेच दिसतात.

आपल्याकडे कमबॅक म्हटलं की लगेच ऋषभ पंत आठवतो. ३० डिसेंबर २०२२ ला कारचा भीषण अपघात, २०२४ च्या आयपीएलमध्ये पुनरागमन आणि त्याच वर्षी टी-२० वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात जागा. गोष्ट खरी आहे आणि भारीच आहे. पण अशी एक गोष्ट लक्षात राहिली की आपण ती सगळ्यांना लावायला लागतो. ‘पंतला जमलं, मग याला का नाही?’ सायकलिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर जरा तपशिलात जाऊन शोधता येतं, कारण इथे पडणं हे रोजचंच आहे.

कोणतं हाड मोडलं?

सायकलपटूचं सर्वांत ‘नेहमीचं’ फ्रॅक्चर म्हणजे कॉलरबोन, आपल्याकडे ज्याला हसळीचं हाड म्हणतात ते. पडताना हात पुढे जातो, धक्का खांद्यावर येतो आणि हे बारीक हाड मोडतं. ऑपरेशन करून प्लेट बसवली, तर व्यावसायिक सायकलपटू काही दिवसांतच घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी ठेवलेल्या सायकलवर, पेडल मारायला लागतो. सायकलिंगचा हा एक फायदा आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार जमिनीवर आदळतो, सायकलवर तसं होत नाही. म्हणून पाय धड असेल, तर दम आणि ताकद टिकवायचं काम लवकर सुरू करता येतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२४ मधलं आहे. ४ एप्रिलला स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत एका उतारावर बरेच सायकलपटू एकत्र कोसळले. विंगेगार्डची कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसालाही इजा झाली. त्याच अपघातात एव्हेनपूलची कॉलरबोन आणि खांद्याचं हाड मोडलं. टूर द फ्रान्स सुरू व्हायला तेव्हा जेमतेम १२ आठवडे उरले होते. तरीही त्या टूरमध्ये पहिला आला टाडेई पोगाचार, दुसरा विंगेगार्ड आणि तिसरा एव्हेनपूल. म्हणजे पोडियमवरच्या तिघांपैकी दोघं तीन महिन्यांपूर्वी त्याच घसरणीत जायबंदी झाले होते! मधल्या एका टप्प्यात, ल लिओरां इथे, विंगेगार्डनं पोगाचारला शेवटच्या स्प्रिंटमध्ये हरवलंसुद्धा. पण २१ टप्प्यांनंतर तो ६ मिनिटं १७ सेकंदांनी मागे राहिला. एक दिवस बरोबरी करता येईल इतकं शरीर सावरलं होतं. तीन आठवडे रोज ती बरोबरी करण्याइतकं सावरलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

आता या दोघांच्या दुखापती परत बघा. खांदा, छाती, बरगड्या. सगळं कमरेच्या वर. पाय शाबूत होते. फ्रूमचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं.

फ्रूमचा उजवा पाय

१२ जून २०१९. फ्रान्समधल्या रोआन गावात टाइम ट्रायलच्या आधी फ्रूम रस्ता पाहायला निघाला होता. नाक शिंकरायला त्यानं एक हात हँडलवरून काढला, त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला आणि ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेगानं तो भिंतीवर आदळला. उजव्या मांडीचं हाड, खुबा, कोपर, बरगड्या... मोडलेल्या हाडांची यादी लांबच होती. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि पाचवी टूर जिंकायची तयारी करत होता.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, तो यूएई टूरमध्ये पुन्हा शर्यतीत दिसला. म्हणजे दुसरी पायरी त्यानं आश्चर्य वाटावं इतक्या लवकर गाठली. पुढे मात्र गाडी अडली. २०२१ च्या टूरमध्ये तो १३३ वा आला. २०२२ मध्ये आल्प दुएझच्या प्रसिद्ध घाटात तो तिसरा आला, तेव्हा जुन्या चाहत्यांना वाटलं, आला रे आला! पण काही दिवसांतच कोविडमुळे त्याला शर्यत सोडावी लागली. २०१८ च्या जिरोनंतर त्याच्या नावावर आजवर एकही विजय नाही.

का? मांडी हे सायकलपटूचं इंजिन आहे. मांडीचं हाड जुळतं, पण त्याच्या भोवतीचे स्नायू महिनोन्‌महिने वापराविना आटतात आणि दोन पायांच्या ताकदीत फरक पडतो. तुमच्या-माझ्या रोजच्या आयुष्यात तो फरक कदाचित जाणवणारही नाही. पण जरा हिशोब करू या. मिनिटाला ९० वेळा पेडल फिरतं असं धरलं, तर पाच तासांच्या एका टप्प्यात ते २७ हजार वेळा फिरतं. असे टप्पे २१. एवढासा फरकही दर फेरीला थोडा थोडा वसूल होत राहतो. वर त्या एका पायाला सांभाळून घेताना कंबर, पाठ आणि दुसरा पाय यांच्यावर जादा ताण येतो, तो वेगळाच.

अर्थात सगळं खापर मांडीच्या हाडावर फोडणंही बरोबर नाही. फ्रूम परतला तेव्हा पस्तिशीला टेकला होता आणि मधल्या काळात खेळ पुढे निघून गेला होता. २०२० ची टूर २१ वर्षांच्या पोगाचारनं जिंकली. अपघात झाला नसता, तरी फ्रूमचा काळ हळूहळू सरला असताच. घसरणीत दुखापतीचा वाटा किती आणि वयाचा किती, हे वेगळं काढून दाखवणारं यंत्र नाही. फक्त वय हेच कारण होतं, असंही म्हणता येत नाही. नेदरलँड्सची अ‍ॅनेमीक व्हॅन व्ल्यूटेन २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये आघाडीवर असताना उतारावर पडली. कमरेचे तीन मणके फ्रॅक्चर झाले, डोक्यालाही जबर मार बसला. तेव्हा ती ३३ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती टाइम ट्रायलची जगज्जेती झाली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं सुवर्ण जिंकलं आणि २०२२ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर टूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची टूर, तिनंच जिंकली. ती चौथ्या पायरीवर तर पोहोचलीच, पण तिथून आणखी वर गेली.

बर्नालची साडेतीन वर्षं

गंमत अशी, की फ्रूम २०१९ च्या ज्या टूरला मुकला ती टूर जिंकली त्याच्याच टीममधल्या २२ वर्षांच्या बर्नालनं. टूर जिंकणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन. दोन वर्षांनी त्यानं जिरोही जिंकली. आणि मग २४ जानेवारी २०२२ ला कोलंबियातल्या गाचान्सिपा गावाजवळ, सरावात, तो थांबलेल्या बसच्या मागच्या बाजूवर आदळला. मणके, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या, फुफ्फुस. जवळपास २० हाडं मोडली आणि कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता ९५ टक्के होती, असं त्यानं स्वतःच नंतर सांगितलं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो शर्यतीत उतरला. पुढच्या वर्षी टूर पूर्ण केली, ३६ व्या क्रमांकावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानं कोलंबियाची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. अपघातानंतरचे हे पहिले विजय यायला तीन वर्षं लागली. त्याच महिन्यात पुन्हा पडला, कॉलरबोन मोडली. तरी मे महिन्यात जिरोमध्ये सातवा आला. आणि सप्टेंबरमध्ये वुएल्टाचा तो टप्पा.

म्हणजे बर्नाल तिसऱ्या पायरीवर भक्कम उभा आहे. चौथी, म्हणजे पुन्हा टूर जिंकणं, अजून दूर आहे. कदाचित ती कधी येणारही नाही. मग तो परतला की नाही? ज्या माणसाला चालता येईल का याचीच खात्री नव्हती, तो आज जगातल्या उत्तम सायकलपटूंना घाटात मागे टाकतोय. याला अर्धवट कमबॅक म्हणायचं असेल, तर आपली फूटपट्टीच बदलायला हवी.

एक्स-रेमध्ये न दिसणारं

हाडाचा एक्स-रे काढता येतो, भीतीचा नाही. सायकलपटू उतारावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो, अंगावर पातळ लायक्रा आणि डोक्यावर हेल्मेट, बस्स. एव्हेनपूल २०२० मध्ये इटलीतल्या लोंबार्दिया शर्यतीत पुलाच्या कठड्यावरून खाली पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. नऊ महिन्यांनी तो थेट जिरोमध्येच उतरला. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं, पण मोंटाल्चिनोच्या कच्च्या रस्त्यावर तो मागे पडला आणि शेवटी त्यानं शर्यत अर्ध्यावर सोडली. पायात ताकद होती. पण सायकलवरचा, रस्त्यावरचा आणि आजूबाजूच्यांवरचा विश्वास पुन्हा कमवायला वेळ लागतो. पुढच्याच वर्षी तो वुएल्टा आणि जागतिक अजिंक्यपद दोन्ही जिंकला, यावरून कळतं की त्या मोसमाला अपयश म्हणणं किती घाईचं ठरलं असतं.

नेदरलँड्सच्या फाबियो याकोब्सनची गोष्ट तर अंगावर काटा आणते. ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडच्या काटोवित्सेमध्ये शेवटच्या स्प्रिंटला डायलन ग्रोनेवेगननं त्याची वाट अडवली आणि तो बॅरिकेड्सवर फेकला गेला. चेहरा आणि जबडा चिरडला, डॉक्टरांनी त्याला कृत्रिम कोमात ठेवलं. वर्षभरानंतर त्यानं वुएल्टामध्ये तीन टप्पे जिंकले आणि २ जुलै २०२२ ला टूरचा टप्पाही जिंकला. आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पा कोणी जिंकावा? ग्रोनेवेगननं! नऊ महिन्यांची बंदी आणि जिवे मारण्याच्या धमक्या सोसून तोही परतला होता. त्याची दुखापत याकोब्सनइतकी मोठी नव्हती, तरी त्यालाही एक अपघात मागे टाकायचा होता.

जे परतत नाहीत

आता ज्यांची रील बनत नाही, त्यांच्याबद्दल. जर्मनीची क्रिस्टिना फोगेल ट्रॅक सायकलिंगमधली दोन वेळची ऑलिम्पिक विजेती, ११ वेळा जगज्जेती. जून २०१८ मध्ये कोटबुसच्या ट्रॅकवर सराव करताना तिची दुसऱ्या सायकलपटूशी टक्कर झाली. मज्जारज्जू तुटला आणि ती छातीपासून खाली कायमची लुळी झाली. तिची जिद्द फ्रूम किंवा बर्नालपेक्षा कमी होती, असं कोण म्हणेल? मणक्याचं हाड मोडलं तर ते जुळू शकतं, आतला मज्जारज्जू तुटला तर आजच्या वैद्यकशास्त्राकडे तो पुन्हा जोडण्याचा उपाय नाही. बर्नाल आणि फोगेल यांच्या नशिबातलं अंतर हे इतकं आहे. फोगेल नंतर एर्फुर्ट शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आली आणि टीव्हीवर सायकलिंगचं विश्लेषण करू लागली. हेही परतणंच आहे, फक्त ट्रॅकवर नाही.

‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ हे वाक्य म्हणूनच मला धोकादायक वाटतं. जिद्द लागतेच. पण ती परतलेल्यांकडेही असते आणि न परतलेल्यांकडेही. आपण फक्त परतलेल्यांची मुलाखत घेतो आणि जिद्दीलाच कारण समजतो.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, ती म्हणजे वेळ कोण विकत घेऊन देतं. अपघाताच्या काही दिवस आधीच बर्नालचा टीमसोबत २०२६ पर्यंतचा करार झाला होता. डॉक्टर, फिजिओ, पगार सगळं होतं आणि ‘या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी’ असं म्हणायची मुभाही होती. लहान टीममधल्या, एक-दोन वर्षांच्या करारावरच्या सायकलपटूला साडेतीन वर्षं कोण थांबून देणार? महिलांच्या वर्ल्ड टूर टीममध्ये किमान वेतनाचा नियमच मुळात २०२० मध्ये आला. हाड जुळायला जितका वेळ लागतो त्याआधीच करार संपत असेल, तर कमबॅकचा निकाल हॉस्पिटलमध्ये लागत नाही, ऑफिसात लागतो.

शेवटी, हे अपघात झाले कुठे? फ्रूमचे दोन्ही, बर्नालचा आणि एव्हेनपूलचा डिसेंबरमधला, यातला एकही प्रत्यक्ष शर्यतीत झालेला नाही. रस्ता पाहताना किंवा सराव करताना, रोजच्या रस्त्यावर हे घडलं. दोन ठिकाणी समोर होती एक बस आणि पोस्टाच्या गाडीचं दार. शर्यतीतल्या बेशिस्तीसाठी यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, यलो कार्ड आणलंय. पण गाडीचं दार उघडण्यापूर्वी मागे बघण्याचा नियम आपल्यालाच पाळायचा आहे, मग रस्ता बेल्जियमचा असो की फर्ग्युसन कॉलेजचा.

मग उत्तर काय?

अव्वल सायकलपटू गंभीर अपघातानंतर परत येऊ शकतो का? शर्यतीत उतरण्यापर्यंत, अनेकदा हो. जिंकण्यापर्यंत, कधी कधी. कमरेच्या वरची दुखापत, कमी वय, चांगली टीम आणि हाताशी वेळ असेल, तर अगदी शिखरापर्यंतसुद्धा. मांडी, मेंदू किंवा मज्जारज्जू असेल, तर उत्तर दर वेळी वेगळं असतं आणि ते ठरवणं खेळाडूच्या हातात फार थोडं असतं.

हे फक्त त्यांच्यापुरतं नाही. प्रत्येक कॉलेजात गुडघ्याचं लिगामेंट गेलेला कबड्डीपटू किंवा खांदा निखळलेली बॅडमिंटन प्लेयर असतेच. कॅन्टीनमध्ये आपण त्यांना विचारतो, ‘काय रे, परत कधी खेळणार?’ विचारणाऱ्याला ती काळजी वाटते, ऐकणाऱ्याला ती परीक्षेची तारीख वाटते. त्याऐवजी ‘आज कसा आहे गुडघा?’ एवढं विचारलं तरी चालेल.

फ्रूम पुन्हा शर्यतीत दिसेल का, यावर त्या अपघातानंतर बरीच चर्चा रंगली. चाळिशीत, फाटलेल्या हृदयावरणासह, त्यानं आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलेलं नाही. तो घरच्यांसोबत रविवारी सकाळी सायकलवर फेरफटका मारायला निघाला, तरी मी त्याला परतलेलाच म्हणेन.